मिसरच्या काकड्या आणि कलियुगाचा गुण

मिसर देशाच्या गुलामीतून सुटलेली इस्राएली माणसं वाळवंटात रडत बसली होती. बायबलच्या जुन्या करारात ‘गणना’ नावाचं पुस्तक आहे, त्याच्या अकराव्या अध्यायात हा प्रसंग येतो. पिढ्यान्‌पिढ्यांची वेठबिगारी संपली होती. पहाटे दवाबरोबर मान्ना नावाचं अन्न पडत होतं, त्यामुळे उपासमारही नव्हती. तरी त्यांना आठवत होते मिसरमधले मासे. फुकट मिळायचे, असं ती एकमेकांना सांगत होती. माशांपाठोपाठ काकड्या आठवल्या, खरबुजं आठवली, मग हिरवी पात, कांदे आणि लसूण.

या यादीत काय नाही, ते ‘निर्गम’ या आधीच्या पुस्तकात सापडतं. विटा पाडण्यासाठी लागणारा पेंढा राजाने बंद केला होता. पेंढा स्वतः गोळा करा, विटांची संख्या मात्र तेवढीच भरली पाहिजे, असा हुकूम होता. ती भरली नाही की मुकादमांच्या पाठीवर फटके बसत. जन्मलेला मुलगा असेल तर त्याला नदीत टाका, हा हुकूम त्याच्या आधीच्या राजाचा. मासे त्याच नदीतले. रडणाऱ्यांना माशांची चव आठवली आणि नदी विसरली गेली. पुढे तर त्यांनी नवा पुढारी निवडून मिसरला परत जायचा घाट घातला.

शाळेतल्या जुन्या वर्गाचा मेळावा असो, सकाळी फिरून आलेल्या निवृत्तांचा कट्टा असो, की लग्नघरातली रात्रीची गप्पांची बैठक असो, मराठी माणसाच्या तोंडी एक इंग्रजी उद्गार ठरल्यासारखा येतो : ‘गुड ओल्ड डेज!’ मागची पिढी ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणायची. उद्गार बदलला, सुस्कारा तोच राहिला. या सुस्काऱ्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. ते दिवस माझे होते आणि ते गेले, ही पहिली. ती दुःखाची आहे आणि तिला कुणी खोटं पाडू शकत नाही. ते दिवस आजच्यापेक्षा चांगले होते, ही दुसरी. हा मात्र जगाबद्दलचा निवाडा आहे, आणि निवाडा म्हटला की पुरावा विचारावाच लागतो.

आपल्याकडे पुरावा विचारण्याची वेळ सहसा येत नाही, कारण निवाड्याच्या पाठीशी धर्म उभा असल्याचं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. भेसळीचं दूध, भावाभावांतला जमिनीचा दावा, वृद्धाश्रमात ठेवलेले आईबाप, कशावरही शेवटचं उत्तर एकच : कलियुग आहे, चालायचंच. पूर्वी चांगलं होतं, आता बिघडलं आणि पुढे आणखी बिघडणार, हे शास्त्रानेच सांगून ठेवलंय अशी श्रद्धा. शास्त्र खरोखर असं सांगतं का, हा प्रश्न त्यामुळे मागेच राहतो.

वरवर पाहिलं तर सांगतंच. पुराणांच्या हिशेबात कृत, त्रेता, द्वापर आणि कली ही युगं चार, तीन, दोन, एक अशा प्रमाणात लहान होत जातात आणि कलियुगाच्या वाट्याला ४,३२,००० वर्षं येतात. पारंपरिक गणितानुसार त्याची सुरुवात इसवी सनापूर्वी ३१०२ साली झाली, म्हणजे अजून ते जेमतेम उगवतीला आहे. धर्म हा चार पायांचा बैल. कृतयुगात तो चारही पायांवर उभा होता, आता एका पायावर लटपटतो आहे. जैन परंपरेत काळाचं चाक सध्या उतरणीवर आहे. या अवसर्पिणीतला पाचवा, ‘दुःषमा’ नावाचा आरा चालू आहे आणि तो एकवीस हजार वर्षांचा आहे. दूर ग्रीसमध्ये हेसिअड या कवीने सोनं, रुपं, कासं, वीरपुरुष आणि शेवटी लोखंड अशी उतरती मानवजात मांडली आणि आपण लोखंडाच्या काळात जन्मलो याचं दुःख केलं. इतक्या वेगळ्या लोकांना एकच गोष्ट सुचली, तेव्हा तिच्यात माणसाच्या मनाचं काहीतरी खरं असणार.

पण हीच पुराणं पुढे वाचत गेलं की वेगळंच काही हाती लागतं. विष्णुपुराणाच्या सहाव्या अंशातल्या दुसऱ्या अध्यायाइतकी धाडसी कथा या विषयावर दुसरी सापडणं कठीण.

मुनींमध्ये वाद पडला होता : थोड्या धर्माचरणाचं मोठं फळ कोणत्या काळात मिळतं आणि ते सहज कुणाला साधतं? निवाड्यासाठी ते व्यासांकडे गेले. व्यास गंगेत स्नान करत होते. मुनी काठावरच्या झाडांखाली थांबले. पाण्यातून वर येत व्यास मोठ्याने म्हणाले की कलियुग चांगलं. पुन्हा डुबकी मारली आणि वर येऊन म्हणाले, शूद्र चांगले, धन्य आहेत. तिसऱ्यांदा वर आले ते स्त्रियांना धन्य म्हणत. काठावरचे मुनी चकित झाले. स्नान उरकून व्यास आले तेव्हा त्यांनी आपला मूळ प्रश्न बाजूला ठेवला आणि आधी या तीन उद्गारांचा अर्थ विचारला. व्यासांनी हिशेबच मांडला : कृतयुगात जे दहा वर्षांनी साधतं ते त्रेतात एका वर्षात, द्वापरात एका महिन्यात आणि कलियुगात एका दिवसरात्रीत. कृतयुगात ध्यान हवं, त्रेतात यज्ञ हवा, द्वापरात पूजा हवी. कलियुगात केशवाचं नाव घेतलं की पुरे.

शूद्र आणि स्त्रिया यांना धन्य म्हणण्यामागे व्यासांनी दिलेलं कारण आजच्या वाचकाला पटणार नाही, पटूही नये. द्विजांची सेवा आणि नवऱ्याची सेवा हे ते कारण आहे. ग्रंथ आपल्या काळाच्या समाजातूनच बोलतो, हे इथे लपत नाही. तरीही कथेचं धाडस त्यामुळे पुसलं जात नाही. सर्वांत बिघडलेला म्हणून सांगितलेला काळ आणि सर्वांत खाली ठेवलेली माणसं यांची नावं व्यासांच्या तोंडून सर्वांत आधी निघतात, आणि तीही वेद जाणणाऱ्या मुनींसमोर. सुवर्णकाळ मागे राहिला म्हणून उसासे टाकायला आलेल्याला या काठावर आधार मिळत नाही.

भागवत पुराण त्याहून पुढे जातं. राजा परीक्षिताने कलीला पकडलं आणि ठार न मारता सोडून दिलं, कारण कलीत एक सार त्याला दिसलं : या काळात सत्कर्माचा नुसता संकल्पही फळतो, पाप मात्र प्रत्यक्ष केल्याशिवाय लागत नाही. अकराव्या स्कंधाच्या पाचव्या अध्यायात तर असं विधान आहे की कृतयुगातली माणसं कलियुगात जन्म मिळावा म्हणून इच्छा धरतात. आजचा माणूस मागे वळून ज्या काळाकडे आशेने बघतो, त्या काळातला माणूस आजच्या दिवसाकडे आशेने बघतोय! पुराणकाराने दोघांची नजर समोरासमोर आणून ठेवली आहे.

या अकराव्या स्कंधावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली, ती एकनाथी भागवत. ग्रंथ वाराणसीत शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ मध्ये पूर्ण झाला. पहिले पाच अध्याय पैठणला झाले होते, ते काशीच्या पंडितांच्या हाती पडले आणि संस्कृत सोडून प्राकृतात भागवत आणल्याबद्दल एकनाथांना जाब विचारला गेला, असं परंपरा सांगते. ही हकिगत खरी मानली, तर पंडितांसमोर गेलेल्या त्या पाच अध्यायांत कलियुगात जन्म मागणाऱ्या कृतयुगातल्या माणसांचा अध्यायही होता. जुन्याच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्यांपुढे जुनाच ग्रंथ आजच्या काळाची बाजू घेऊन उभा होता. नामस्मरणाला वेळ, जात, खर्च, मुहूर्त यांपैकी काही लागत नाही, ही वारकऱ्यांची शिकवण याच पायावर आहे. पंढरीच्या वाटेवर चालणारा माणूस कलियुग मान्य करतो आणि टाळ हातात घेऊन चालू लागतो.

युग म्हणजे पंचांगातला आकडा नव्हे, माणसाची अवस्था आहे, हा विचार तर पुराणांपेक्षाही जुना. ऐतरेय ब्राह्मणात हरिश्चंद्राचा मुलगा रोहित अरण्यात भटकत असतो. तो घरी परतायला निघाला की ब्राह्मणाच्या रूपातला इंद्र त्याला अडवतो आणि चालत राहा म्हणतो. त्या उपदेशात चार युगांची नावं येतात ती अशी : जो झोपलेला तो कली, जो उठून बसतो तो द्वापर, जो उभा राहतो तो त्रेता आणि जो चालतो तो कृत. सकाळी अंथरुणात पडलेला माणूस दुपारपर्यंत चारही युगं पार करू शकतो. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला हीच गोष्ट राज्यकारभाराच्या भाषेत सांगतात. काळ राजाला घडवतो की राजा काळाला, अशी शंकाच घेऊ नकोस. राजाच काळ घडवतो. दंडनीती पुरती चालवली तर कृतयुग, चौथा भाग सुटला तर त्रेता, निम्मी सुटली तर द्वापर, आणि सगळी टाकून प्रजेला छळलं तर कली. सत्तेवरच्या माणसाला ‘काळच वाईट आहे’ असं म्हणायची सवलत भीष्मांनी ठेवलेली नाही. आजही ठेवू नये.

रोममध्ये याच प्रश्नाचा एकदा जाहीर खटला झाला होता, म्हणायला हरकत नाही. २४ ऑगस्ट ४१० रोजी अलारिकच्या व्हिजिगॉथ सैन्याने रोम शहरात शिरून तीन दिवस लूट केली. आठशे वर्षांत परका शत्रू त्या शहरात शिरला नव्हता. जुन्या देवांना मानणारे लोक म्हणू लागले, आम्ही ज्युपिटरची पूजा करत होतो तोवर रोम अजिंक्य होतं. हा नवा ख्रिस्ती धर्म आला, जुने देव रुसले आणि शहर बुडालं. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या अन्नाबाचे बिशप ऑगस्टीन यांनी याला उत्तर द्यायला घेतलं. ४१३ च्या सुमारास सुरू झालेला ‘ईश्वराचं नगर’ हा ग्रंथ ४२६ पर्यंत चालला आणि बावीस भागांचा झाला. त्याच्या तिसऱ्या भागात ऑगस्टीन तोच जुना, देवभोळा, अजिंक्य म्हणवला जाणारा रोम समोर घेतात आणि एकेक घाव मोजतात : गॉल टोळ्यांनी शहर जाळलं तेव्हा देव कुठे होते, हॅनिबलच्या युद्धात मेलेल्या रोमनांच्या अंगठ्यांच्या राशी गोळा झाल्या तेव्हा कुठे होते, मारियस आणि सुल्ला यांनी रोमनांकडूनच रोमनांची कत्तल करवली तेव्हा कुठे होते? ओरोसियस नावाच्या तरुण पाद्र्याकडून त्यांनी याच कामासाठी सात भागांचा इतिहास लिहून घेतला. पूर्वीही दुष्काळ, भूकंप, रोगराई आणि युद्धं होती, हे दाखवण्यासाठी.

हे काम भावनेला धक्का देणारं होतं, आणि ते करायलाच हवं होतं. पण ऑगस्टीन यांचं सर्वांत मोलाचं उत्तर त्या बावीस भागांत नाही, त्यांच्या एका प्रवचनात आहे. काळ वाईट आला असं कुरकुरणाऱ्या श्रोत्यांना ते म्हणाले की आपण नीट जगू या म्हणजे काळ चांगला होईल. आपणच काळ आहोत, आपण जसे तसा तो. हिप्पोच्या बिशपचं भीष्मांशी आणि रोहिताला अडवणाऱ्या इंद्राशी एकमत व्हावं, यात नवल वाटायला नको. तिघांनीही काळाचा प्रश्न आचरणाच्या दारात आणून सोडला. बायबलमधला ‘उपदेशक’ तर पूर्वीचे दिवस आजच्यापेक्षा बरे का होते असं विचारणं शहाणपणाचं नाही, एवढंच सांगून पुढे निघून जातो.

मग आठवणीचं काय करायचं? ती तर खोटी वाटत नाही. अंगणातला पारिजातक, गिरणीतून आणलेल्या गरम पिठाचा वास, आत्याच्या हातची आमटी, हे सगळं आजच्या सकाळपेक्षाही स्वच्छ दिसतं.

इथे भारतीय तर्कशास्त्राची मदत घ्यावी. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ अजूनही संस्कृत पाठशाळांत पहिलं पुस्तक म्हणून शिकवला जातो. त्यात ज्ञानाचे सरळ दोन भाग केले आहेत, स्मृती आणि अनुभव. स्मृती केवळ संस्कारातून उपजते, म्हणून न्यायदर्शन तिला प्रमाण मानत नाही. आठवण खोटी आहे असा तिच्यावर आरोप नाही. मूळ अनुभव जेवढा खरा तेवढीच ती खरी, स्वतःच्या बळावर ती नवं काही सिद्ध करू शकत नाही, एवढंच म्हणणं आहे. जैन नैयायिकांना हे पटलं नाही. आठव्या शतकातल्या अकलंकांनी स्मृतीला परोक्ष प्रमाणांत स्थान दिलं, कारण आठवणीवर विश्वास ठेवल्याशिवाय ओळख पटत नाही, अनुमान होत नाही, व्यवहार चालत नाही. दोन्ही बाजूंना वजन आहे. आईचा चेहरा ओळखायला आठवण पुरेशी आहे, अकलंक बरोबर आहेत. पण १९५५ सालचं गाव आजच्या गावापेक्षा सुखी होतं, हे ठरवायचं असेल तर अन्नंभट्टांचं ऐकावं लागेल.

आधुनिक मानसशास्त्राचंही निरीक्षण याला धरून आहे. उतारवयातल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर दहा ते तीस या वयातल्या आठवणींची गर्दी इतर वर्षांपेक्षा ठळकपणे जास्त असते. शिवाय कडू प्रसंगाची तीव्रता गोड प्रसंगाच्या तीव्रतेपेक्षा लवकर ओसरते. त्यामुळे ज्याला माणूस ‘चांगला काळ’ म्हणतो तो बहुतेक वेळा त्याच्या तारुण्याचा काळ असतो. गुडघे दुखत नव्हते, आईवडील होते आणि पुढे काय होणार याची उत्सुकता होती.

आकड्यांकडे एकदा पाहिलं तर धक्का बसतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान २३ वर्षांच्या आसपास होतं. आज ते ७० च्या घरात आहे. जुन्या घराण्यांच्या वंशावळींत बाळंतपणात गेलेली पहिली बायको आणि पाळण्यातच गेलेली मुलं जागोजाग सापडतात. त्या मुलांच्या वाट्याला आठवणी सांगायचं वय आलंच नाही. गतकाळाची साक्ष आपल्याकडे येते ती जगलेल्यांकडूनच.

म्हणूनच आठवणीला शिस्त लागते. ज्यू लोकांनी ही शिस्त वल्हांडण सणाच्या जेवणात बांधून ठेवली आहे. त्या रात्री ताटात कडू भाजी असते, गुलामांच्या अश्रूंसाठी मिठाचं पाणी असतं आणि विटांच्या गाऱ्याची आठवण म्हणून फळं-सुक्या मेव्याचं घट्ट मिश्रण. प्रत्येक पिढीतल्या माणसाने आपण स्वतः मिसरमधून सुटून आलो असं मानावं, हा त्या रात्रीचा नियम. कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाने त्या रात्रीची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह छापली. १८४६ साली मुंबईत एक निघाली, १८७४ साली पुण्यात दुसरी. पुण्याच्या पोथीतल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. रायगडच्या किनाऱ्यावरची माणसं नाईलकाठच्या गुलामीची आठवण मराठीत जपत होती, आणि जपताना कडू घास गाळत नव्हती. मासे आणि खरबुजं मात्र त्या विधीत कुठेच नाहीत.

महाराष्ट्राच्या आठवणीत कडू घास गाळण्याची सवय जुनी आहे. पेशवाई १८१८ साली संपली. त्यानंतरची कित्येक वर्षं पुण्यातल्या वाड्यांत पेशव्यांच्या पंगती आणि श्रावणातली पर्वतीच्या रमण्यातली दक्षिणा यांच्या आठवणी निघत असणार. त्याच वातावरणात १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये लोकहितवादींची शतपत्रं येऊ लागली आणि आपल्याच समाजाच्या गतवैभवाच्या अभिमानावर त्यांनी कोरडे ओढले.

पण या विषयावरचं सर्वांत अस्सल मराठी लेखन एका शाळकरी मुलीचं आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्यांना लोक चांगले दिवस म्हणत होते, त्या दिवसांत तालीमखान्यासमोरून गेल्याच्या गुन्ह्यासाठी तिच्या जातीच्या माणसांचं काय होत असे, इमारतींच्या पायात कुणाला पुरत असत, वाचायला शिकलेल्या माणसाला काय ऐकावं लागे, हे तिने लिहिलं. मग ती थेट धर्माच्या गाभ्याशी गेली. वेदांवर आमचा अधिकार नाही, मग आमचा धर्म कोणता, हे तिने देवालाच विचारलं. पेशवाई संपून सदतीस वर्षं झाली होती, म्हणजे ती हकिगत तिच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून तिच्यापर्यंत आली असणार. वाड्यात एक आठवण सांगितली जात होती, मांगवाड्यात दुसरी. काळ एकच. मराठीत ‘गुड ओल्ड डेज’ या उद्गाराचं उत्तर द्यायचं असेल तर ते मुक्ता साळवेच्या निबंधापासून सुरू करावं लागतं, इतकं त्याचं महत्त्व आहे.

फुल्यांनी स्वतः मात्र भूतकाळ टाकून दिला नाही. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी बळीराजाची कथा उलटून वाचली आणि पाताळात घातलेल्या राजाला न्यायी राजा म्हणून परत आणलं. हाही एक सुवर्णकाळच झाला, असं कुणी म्हणेल. फरक आहे तो वापराचा. दिवाळीच्या पाडव्याला इडापिडा टळावी आणि बळीचं राज्य यावं असं मागणाऱ्या शेतकरी बाईला मागे जायचं नसतं. तिला पुढच्या वर्षी धान्याला दर हवा असतो, घरातलं दुखणं जायला हवं असतं. हरवलेल्या राज्याचं नाव घेऊन ती येणाऱ्या राज्याकडे आपलं मागणं नोंदवते. असा भूतकाळ माणसाला उभं करतो, आणि ऐतरेय ब्राह्मणाच्या हिशेबात उभं राहणं म्हणजे त्रेतायुगापर्यंतची चढण झालीच.

यावरून गतकाळासाठी हळहळणाऱ्या प्रत्येक माणसाला गप्प करावं असं मात्र होत नाही. काही हळहळ हा आजच्या अन्यायाचा पुरावा असतो. मुंबईच्या गिरणगावातल्या निवृत्त कामगाराला विचारावं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. बहुतेकांसाठी तो संप रीतसर संपलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. भोंग्यावर उठणं, पाळी संपल्यावरची भजनी मंडळं, लालबाग-परळचा गणपती, व्यायामशाळा, युनियनच्या सभा, हे त्या कामगाराचे चांगले दिवस. तो जेव्हा ‘ते दिवस गेले’ म्हणतो तेव्हा हक्काचा पगार, शेजाऱ्याची ओळख आणि शहरातली आपली जागा, या तीन नेमक्या गोष्टी गेल्याचं सांगत असतो. त्याला तारुण्याच्या आठवणींची मानसशास्त्रीय कारणं ऐकवणं क्रूरपणाचं ठरेल. त्याचं नुकसान खरं आहे, ते मोजता येतं आणि ते करणारे हात होते.

तरीही त्याच्याही गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती त्याच्या घरातच सापडते. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार एकेका खोलीत वीस-पंचवीसच्या संख्येने राहत, पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत. त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या खाणावळी चालवणाऱ्या बाया त्याच चाळींत होत्या. धान्य उधारीवर आणायचं, पगार झाल्यावर कामगार पैसे देणार, मधल्या काळात सावकाराचं व्याज वाढत राहणार, असा त्यांचा महिना. नळाला पाणी यायच्या आधी उठायचं आणि शेवटचं ताट उचललं की झोपायचं. गिरणीच्या भोंग्याच्या आठवणीत या बायांचा स्टोव्ह क्वचितच ऐकू येतो. १९७५ साली कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी या खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि तारण देण्यासारखं ज्यांच्याकडे काहीच नव्हतं अशा बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यांच्यातल्या एखादीला चांगले दिवस कोणते असं विचारलं, तर ती नवऱ्याच्या गिरणीचं नाव घेईलच असं नाही. सावकाराचा शेवटचा हप्ता चुकवून आपल्या नावाचं पासबुक घरी आणलं, तो महिना ती सांगू शकेल.